निळी जाळी

धाकट्याने सातव्या फळीवर फक्कीची फुली मारली आणि हात झटकले. तळ्यात शिरलेल्या फळ्यांपैकी एकाआड एक फळीवर आता फुली होती. फुली असेल तिथे बसायचं नाही. काठावर, फळीफळीच्या मध्ये, त्याने आडव्या रेषाही ओढल्या होत्या. त्या ओलांडायच्या नाहीत.

अध्यक्ष मास्क हनुवटीखाली ओढून बघत उभे होते.

"सातवीवर फुली मारताना जिवावर आलं असेल तुझ्या."

"कुठल्या तरी फळीवर मारायचीच होती."

"सातवीवर तुझा थोरला भाऊ, आठवीवर मी. अख्खं आयुष्य गेलं रे इथे बसून."

उद्या तळं उघडणार होतं. साथीमुळे लागलेलं कुलूप काढायची परवानगी मोठ्या मिनतवाऱ्यांनी मिळाली होती, आणि मासेमारी क्लबमधल्या एकाला जरी आजार झाला तरी कुलूप पुन्हा, तेही कायमचं, असं बजावलं गेलं होतं. चिटणीस म्हणून नियम धाकट्यानेच केले. सगळे मुकाट मान्य झाले. वाद झाला तो एकाच नियमावर : ज्याची त्याची जाळी, दुसऱ्याच्या जाळीला हात लावायचा नाही.

कारण या क्लबात स्वतःचा मासा स्वतः उचलायची रीतच नव्हती. गळाला लागला की हाक मारायची, शेजाऱ्याने आपली हातजाळी घेऊन धावत यायचं आणि मासा पाण्याबाहेर काढायचा. तरच तो धरला असं मानायचे. क्लब काढणाऱ्यांचा एकमेकांच्या बढायांवर काडीचाही विश्वास नव्हता, त्यातून ही रीत पडली. परिणाम असा की केस पांढरे झालेल्या गळकऱ्यांनाही आपला मासा आपण उचलता येत नव्हता.

"साक्षीदाराशिवाय मासेमारी म्हणजे नुसत्या गप्पा," अध्यक्ष म्हणाले. "माझा तो मोठा मासा नशिबाचा. थोरल्याने उचलला. त्या निळ्या जाळीत मावेना, शेपूट बाहेर! अजून डोळ्यांसमोर आहे."

धाकट्याने फक्कीचा डबा खाली ठेवला.

"निळ्या जाळीत?"

"मग काय! थोरला ओरडतोय, धर, धर..." अध्यक्ष बोलता बोलता थांबले. त्यांनी मास्क नाकावर चढवला. "निळी की हिरवी, कोण जाणे. वय झालं बाबा."

आणि फाटकाकडे बघून येतो म्हणून ते निघून गेले.

थोरल्याची जाळी कायम हिरवी होती. निळी धाकट्याने विणली होती. खुर्च्या विणायचं त्याचं दुकान साथीत बंद पडलं, नायलॉनची निळी दोरी पडून होती, हातांना काम हवं होतं. जाळी भावाच्या दारात ठेवून त्याने रस्त्यावरूनच हाक मारली होती : "दादा, तळं उघडलं की पहिला मासा हिच्यात!" थोरला खिडकीतून हसला होता. तेव्हा तळ्याला कुलूप लागून महिना झाला होता, आणि किल्ली एकट्या अध्यक्षांकडे होती.

पुढे दोन आठवड्यांत थोरल्याला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही.

आजार बाजारातून आला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनी लिंबं आणायला पाठवलं होतं. दवाखान्यातून शेवटचा फोन आला त्या संध्याकाळी धाकटा त्यांना तोंडावर म्हणाला होता, "चार लिंबांपायी माणूस घालवलात." त्यानंतर तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा.

तो तळ्यावरून तडक त्यांच्याकडे गेला. वहिनी इस्त्री करत होत्या. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वहिनी, दादा बाजारात गेला नव्हता."

वहिनींनी इस्त्री उभी केली.

"नव्हते गेले."

"मग लिंबं?"

"लिंबं घरात होती. नंतर वाळून गेली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अंगाला तळ्याचा वास घेऊन कुणी बाजारातून येतं का, भाऊजी? दवाखान्यात जाताना म्हणाले, अध्यक्षांबरोबर गेलो होतो तळ्यावर, कुणाला सांगू नकोस, अध्यक्षांची बदनामी होईल, क्लब बुडेल. मग कुणी विचारलं तेव्हा मी बाजार म्हटलं. एकदाच म्हटलं."

"पण मी तुम्हाला इतकं लागेल असं बोललो, तेव्हा तरी..."

"बोललात खरं." त्यांनी बाहीची घडी मोडून पुन्हा घातली. "किती पटकन पटलं सगळ्यांना. दुसऱ्यांदा कुणी विचारलंसुद्धा नाही."

धाकट्याने चौकट धरली.

"उद्या सगळ्यांसमोर सांगतो मी."

"नको. मी शब्द दिलाय त्यांना." त्यांनी दाराआड बघितलं. निळी जाळी तिथे टेकून उभी होती. "उद्या मी येते जाळी घेऊन. एकदा बघायचंय मला, असतं तरी काय तिथे."

सकाळी फाटकावर एकेकाचा ताप बघून आत सोडलं. माणसं खूप दिवसांनी भेटत होती, आणि जवळ यायची सोय नसल्यामुळे सगळं ओरडून चाललं होतं.

"तोंड झाकल्यावर बरा दिसतोस रे!"

"मासे ओळखणार नाहीत आज. लागेल एखादा चुकून!"

वहिनी सातव्या फळीमागे, काठावर उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी आठवीवरून छातीला हात लावून मान झुकवली आणि तोंड पाण्याकडे फिरवलं.

ऊन चढू लागलं तशी त्यांच्या गळाची काठी वाकली. अध्यक्ष धडपडून उठले. त्यांची कोरी जाळी मागे पडली होती. एका हाताने काठी सांभाळत दुसऱ्याने ती त्यांच्याच्याने उचलवेना, आणि काठीला तर दोन्ही हात लागत होते.

"जाळी!" ते जन्माच्या सवयीने सातवीकडे बघून ओरडले. "अरे, जाळी आण!"

काठावरच्यांनी सातवीवरच्या फुलीकडे पाहिलं. धाकटा जागचा हलला नाही.

वहिनींनी चपला काढल्या. रेष ओलांडून त्या आठव्या फळीवर गेल्या.

"अहो, लांब! लांब राहा!" मनगटाने मास्क वर ढकलत अध्यक्ष फळीच्या पार टोकाला सरकले.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी जाळी माशाखाली सारली आणि दोन्ही हातांनी वर उचलली. निळ्या दोरीत मासा धडपडत होता. त्यांनी तो नीट न्याहाळला.

"त्या दिवशीचा याहून मोठा होता?"

अध्यक्षांनी काठाकडे नजर टाकली. सगळे ऐकत होते.

"थोडा," ते म्हणाले.

"थोडाच."

त्यांनी जाळी माशासकट फळीवर ठेवली आणि आल्या तशा परत गेल्या. चपला घातल्या. फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

फळीवर मासा उड्या मारत होता. अध्यक्ष टोकाला उभे होते. त्यांनी एकदा हात पुढे केला, निळ्या दोरीपर्यंत नेला आणि मागे घेतला. बाकीचे आपापल्या फळ्यांवरून बघत राहिले. रेष ओलांडायची नव्हती, दुसऱ्याच्या जाळीला हात लावायचा नव्हता. धाकटा फक्कीचा डबा घेऊन रेषेच्या अलीकडे उभा होता.

मासा हळूहळू थांबला.