मागची दोन पाती

पंचांचा भोंगा वाजला तेव्हा माझ्या खिशात दोन पाती होती. ती तिथे असायला नको होती. ती भिंगरीच्या बोर्डाखाली असायला हवी होती.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी नणंद. पायाला भिंगरी लावूनच जन्मली, म्हणून घरात सगळे तिला तेच म्हणतात. ती लाटांवर बोर्ड चालवते आणि मी ते बोर्ड बनवते. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात; आमचं बरं चाललंय, कारण भांडायला कायम बोर्ड हाताशी असतो. त्या सकाळी तिची निवडीची फेरी होती. चौघीजणी, पंचवीस मिनिटं, पहिल्या दोघी संघात. तिचं वय एकतीस. यंदा नाही तर पुन्हा नाही, हे तिने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं.

"काय झालं? उठली का?" नवऱ्याने विचारलं. हा गृहस्थ शाळेत भूगोल शिकवतो आणि बहीण पाण्यात उतरली की समुद्राकडे पाठ करून खुर्ची मांडतो. बघवत नाही म्हणे. मग धावतं वर्णन मी करायचं.

"अजून लाटच आली नाही. तुम्ही गप्प बसा."

"मग तू येरझाऱ्या का घालतेयस?"

"वाळू तापलीय."

सकाळचे साडेसात वाजले होते. वाळू चांगली गार होती.

बोर्डाच्या पोटाखाली, शेपटाकडे, ही पाती बसवतात. तीन लावली तर मधलं पातं पाण्यात टाच रोवल्यासारखं धरून ठेवतं. त्या टाचेवर बोर्ड गर्रकन वळतो, पण वेग थोडा खातो. चार लावली, दोन पुढे आणि दोन मागे, तर मधली वाट मोकळी राहते, पाणी सरळ निघून जातं आणि बोर्ड सुसाट सुटतो. मात्र वळताना शेपूट घसरण्याची भीती. त्यात मागची दोन लहान घेतली तर बोर्ड चपळ, मोठी घेतली तर पकड घट्ट, पण बोर्ड वळायलाच तयार नाही. सगळा खेळ अर्ध्या बोटाचा.

त्या अर्ध्या बोटाने दोन वर्षांपूर्वी घात केला होता. ती म्हणाली, "वहिनी, जरा सैल कर," आणि मी मागची दोन पाती घासत गेले. नको तितकी घासली. वळणावर शेपूट सटकलं, तिचा डावा गुडघा पिळवटला आणि आठ महिने गेले. घरात मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आता ती पुन्हा चार पात्यांवर आली होती. इथली लाट लांब आणि भरधाव. मधेच तिचा एक तुकडा भिंतीसारखा कोसळतो. तो कोसळायच्या आत पुढे निघायचं तर वेग हवा, आणि मग लगेच वळायचं, कारण पुढे जुन्या धक्क्याचे लाकडी खांब उभे आहेत. तीन महिने रोज पाण्यात जाऊन तिने मागच्या पात्यांचं माप ठरवलं होतं. तिचं माप, तिचा गुडघा. भीती मात्र माझी.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाती कारागिराने घडवायची, पण स्क्रू कसायचे ते पाण्यात जाणाऱ्याने. त्याने एकदा कसले की कारागिराने हात लावायचा नाही. स्क्रूची किल्ली माझ्या गळ्यात असते, दोरीला बांधलेली. ती मागते, कसते, परत देते. त्या सकाळीही तिने कसले, किल्ली दिली आणि नाव नोंदवायला तंबूत गेली. मी गाडीच्या आडोशाला बोर्ड उलटा केला, मागची दोन काढली आणि त्याच काळ्या रंगाची, अर्ध्या बोटाने मोठी दोन बसवली. शेपूट घसरायला नको, बाकी काही नको. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण मी दुसऱ्याच्या वाट्याचं ताक फुंकत बसले होते.

"उठली!" मी ओरडले. नवऱ्याने डोळे मिटले. मुळात पाठ होती, तरी मिटले.

पहिल्या लाटेवर बोर्ड रुळावरून चालल्यासारखा सरळ गेला. तिने खांदा वळवला, कंबर वळवली, बोर्ड काही ऐकेना. शेपूट तसूभर घसरलं नाही. म्हणजे मला हवं होतं तेच झालं, आणि मला रडू यायला लागलं. पंचांनी गुण दिले ते सांगण्यासारखे नव्हते.

"कशी गेली?"

"बरी."

"बरी म्हणजे वाईट का?"

"अहो, जरा थांबाल का!"

दुसरी लाट मोठी होती. भिंत कोसळायच्या आत ती कशीबशी निघाली, आणि समोर खांब. तिने सगळं वजन मागच्या पायावर टाकलं. लहान पात्यांवर बोर्ड जागच्या जागी फिरला असता. या पात्यांवर तो भलंमोठं वळण घेत खांबांकडेच चालला. मी तिचं नाव घेऊन किंचाळले. घरातलं नव्हे, शाळेच्या दाखल्यावरचं. तिने बाजूला उडी घेतली. पायाला बांधलेल्या दोरीने बोर्डाला हिसका बसला आणि तो खांबापासून वीतभरावर थांबला.

तिला घसरू द्यायचं नाही म्हणून मी तिला खांबांवर धाडलं होतं.

ती किनाऱ्याला लागली आणि बोर्ड काखेत मारून धावत थेट माझ्याकडे आली. धावत होती, म्हणजे गुडघा धड होता. नवरा खुर्चीसकट वळला. तिने बोर्ड वाळूत उलटा टाकला.

"कुठायत?"

मी खिशातून पाती काढली. इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठले होते.

"कधी?"

"तू तंबूत गेलीस तेव्हा. तू पुन्हा पडशील म्हणून गं. मला..."

"पडले असते, वहिनी. पण माझी मी पडले असते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अकरा मिनिटं आहेत. किल्ली."

मी दोरी गळ्यातून काढली. घाईत ती केसांत अडकली. तिने मागची मोठी पाती काढली, लहान बसवली, स्क्रू कसले. मी उभीच. मग तिने किल्ली पुढच्या पात्यांना लावली.

"पुढच्यांना मी हात लावला नाही."

"माहितीये," ती म्हणाली आणि दोन्ही सैल करून पुन्हा कसली. चारही पात्यांवरून अंगठा फिरवला. किल्लीची दोरी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि धावत पाण्यात गेली.

शेवटच्या चार मिनिटांत तिला लाट मिळाली. वेग असा की भिंत तिच्या मागे कोसळली. खांबांच्या अलीकडे ती वळली आणि शेपूट घसरलं. मला वाटलं, संपलं. पण तिने ते घसरू दिलं, गुडघ्यात वाकली, सावरली आणि लाटेच्या माथ्यावर परत चढली. नवऱ्याने हे सगळं बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि पोरासारखा रडला.

ती दुसरी आली. संघात गेली. पाण्यातून आली ती भावाच्या गळ्यात पडली, मग माझ्या. ओल्या अंगाने मला घट्ट धरलं, "बोर्ड झकास आहे" म्हणाली, आणि ते खरंच होतं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण मिठीत आम्हा दोघींच्या मधे काहीतरी टोचत होतं. ती किल्ली होती, तिच्या गळ्यातली.

घरी येईपर्यंत मी वाट पाहिली. तिने ती परत दिली नाही, आणि मीही मागितली नाही.