डाव्या हाताची दोन बोटं

मास्तरीणबाईंनी मॉनिटर कुत्र्याची ताटली, पट्टा आणि फाटकी सतरंजी पिशवीत कोंबली. थोड्याच वेळात मुलगी येऊन त्याला आपल्या घरी नेणार होती.

"आई, तुझ्यानं दोघांचं निभणार नाही," ती म्हणाली होती, आणि ते काही खोटं नव्हतं. मास्तरांची वाचा आणि उजवी बाजू गेल्याला दोन महिने झाले होते. कवायतीला अख्खं मैदान एका हाकेत थांबवणारा माणूस आता खिडकीशी खुर्चीत बसून असे. मॉनिटर त्यांच्याच तालमीतला. बाईंच्या शब्दाला तो काडीची किंमत देत नसे.

"चल, ऊठ. दाराशी जाऊन बस."

मॉनिटर खुर्चीच्या पायाशी ढिम्म.

"बहिरा झालास का रे? इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, त्याची तरी चाड ठेव."

त्याने कान हलवला, नजर नाही. हा बघतोय तरी कुठे, म्हणून बाईंनी पाहिलं. मास्तरांच्या डाव्या हाताची दोन बोटं जराशी उचलली गेली होती. मॉनिटर उठला. बोटं दाराकडे वळली. तो मुकाट्याने दाराशी जाऊन बसला.

बाई जागच्या जागी थबकल्या. दोन महिने त्या मास्तरांच्या कानाशी ओरडत होत्या, पाणी हवंय का, ऊन लागतंय का. उत्तर येत नाही म्हणून आत जाऊन डोळे पुसत होत्या. हाताकडे कधी पाहिलंच नव्हतं.

बोटं खुर्चीच्या दांडीवर दोनदा वाजली.

"जा की, बोलावताहेत तुला."

मॉनिटर हलला नाही. त्याने मास्तरांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्या नजरेमागोमाग बाईंकडे.

बोटं पुन्हा वाजली.

"मला बोलावताय?"

त्या स्टूल ओढून जवळ बसल्या. बोटं सावकाश त्यांच्या मनगटावर येऊन टेकली आणि तिथेच राहिली. बऱ्याच वेळाने बाईंनी दाराकडे मान वळवली.

"बरं झालं बाबा, माझं ऐकलं नाहीस ते."

फाटक वाजलं. मुलगी आत आली ती थेट पिशवीकडे.

"आवरलं ना गं त्याचं?"

"पिशवी ठेव खाली," बाई म्हणाल्या. "आणि जरा गप्प बस. तुझे बाबा बोलताहेत."