टॉर्केलची नवी गाणी

नोव्हेंबरातला गुरुवार, दुपारचे साडेतीन. बाहेर अंधार पडला होता, आणि उत्तर स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावात कामगार सभागृहाच्या मागच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं एका खेळण्यासमोर श्वास रोखून बसली होती. ओले कोट खुर्च्यांच्या पाठीवर लटकत होते, दालचिनीचे पाव ताटात तसेच पडले होते. या गावात एरवी कॉफी झाल्याशिवाय कोणी देवाचंही ऐकून घेत नाही. पण आज मेलेला माणूस वाजवणार होता.

खेळणं म्हणजे हातात मावणारा, करड्या प्लॅस्टिकचा जुना व्हिडिओगेम. त्याच्या पाठीत गेमची कॅसेट खुपसायची, बटणं दाबायची आणि आईच्या शिव्या खायच्या, एवढाच त्याचा पूर्वी उपयोग होता. पुढे काही खुळ्या लोकांनी त्यात गाणी रचायची कॅसेट घातली. आवाज चारच, तेही पिपाणीसारखे; पण त्या चारांतून ही मंडळी अख्खा वाद्यवृंद उभा करत. टॉर्केल त्यांतला एक होता. फेब्रुवारीत बर्फावरून त्याची गाडी घसरली आणि छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

आता त्याचं यंत्र टेबलावर होतं, तार लावून एका जुन्या स्पीकरला जोडलेलं. शेजारी त्याची आई मायवोरबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आणि मागे उभा होता स्टेलान, पांढरा स्वेटर घातलेला, परलोकाशी बोलणारा. पूर्वी तो स्वयंपाकघरातली कपाटं विकायचा. जीभ तेव्हाच तयार झाली होती.

“ऊर्जा मरत नाही,” स्टेलान सांगत होता. “ती फक्त पत्ता बदलते. विज्ञानानंही हे मान्य केलंय.” कोणत्या विज्ञानानं, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्यानं यंत्र चालू केलं. टॉर्केलचं एक गाणं सुरू झालं, ओळखीचं, खेळकर. मध्येच त्यातला एक सूर वाकला, खाली घसरला आणि कुठल्यातरी अनोळखी जागी थरथरत राहिला. मागच्या गुरुवारी तो तिथे नव्हता. यंत्राला आठवडाभर कोणी हात लावला नव्हता. स्टेलानच्या आज्ञेनं ते सभागृहाच्या उघड्या खिडकीत, थंडीत ठेवलेलं असे, कारण म्हणे आत्म्याला येण्याजाण्याला वाट हवी.

“टॉर्केल, तू आहेस का इथे?” स्टेलाननं विचारलं. एक हात हवेत, दुसरा खिशात. क्षणभरानं स्पीकरमधून आवाज आला, टिर्र-टिट्-टिट्, टिर्र-टिट्-टिट्. खोलीत कोणीतरी हुंदका दिला.

शेवटच्या रांगेत बसलेल्या इल्वाच्या अंगावर सरसरून काटा आला. ती टॉर्केलची शाळेपासूनची मैत्रीण. दिवसा ती श्रवणयंत्रं दुरुस्त करी आणि सुट्टीत स्वयंपाकघराच्या टेबलावर असली जुनी यंत्रं उघडून त्यांना नवे पडदे, नव्या तारा बसवून देई. टॉर्केलचं यंत्रही तिच्याच हातचं. भूतबित ती मानत नव्हती. पण तो वाकलेला सूर ऐकून तिला वाटलं, हे त्यालाच सुचलं असतं. त्याला अशी वाकडी वाट आवडायची. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे आनंद झाला.

बैठक संपल्यावर तिनं मायवोरबाईंना गाठलं. “काकू, कॅसेट मला एक दिवस द्या. आतली बॅटरी जुनी आहे, आणि त्याच्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.”

“नको गं,” मायवोरबाई घाईनं म्हणाल्या. “काढली तर तो निघून जाईल, स्टेलाननं बजावलंय. दर आठवड्याला काहीतरी नवीन करतोय बघ माझा मुलगा. तू एवढी मैत्रीण त्याची, तुलाच बघवत नाही?”

हे तिला लागलं. घरी जाऊन ती दिवा न लावताच बसून राहिली. डोक्यात तो सूर घुमत होता, आणि घरातली प्रत्येक बारीक किरकिर तिला त्याचीच वाटत होती. त्या आठवड्यात श्रवणयंत्रांच्या दुकानातही तिचं लक्ष नव्हतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तक्रार केली की नातवाचा फोन आला की कानात टिर्र-टिट्-टिट् होतं, आणि ती सवयीनं म्हणाली, “आजोबा, फोन दुसऱ्या कानाला लावा.” मग स्वतःचंच वाक्य ऐकून तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

घरी येऊन तिनं खण उपसला. तळाशी तिची स्वतःची, दहा वर्षं न उघडलेली गाण्यांची कॅसेट होती. ती लावून इल्वानं ऐकली. मग ती रात्रभर खिडकीत, थंडीत ठेवली आणि सकाळी परत ऐकली. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ रडली, कारण त्या आठवड्यापुरता तिलाही टॉर्केल परत मिळाला होता.

पुढच्या गुरुवारी ती पहिल्या रांगेत बसली. स्टेलाननं हात पसरण्याआधीच ती उठली आणि जुनी कॅसेट घातलेलं आपलं यंत्र पुढे केलं. “माझ्याकडेही एक आहे. यातही सूर आपोआप बदलतात. कोण आहे आत, सांगाल?”

नवं गिऱ्हाईक चालून आलेलं पाहून स्टेलान खुलला. त्यानं तिचं यंत्र चालू केलं. एक साधीशी धून दोन वाक्यं नीट चालली आणि मग अडखळली. तिच्या मधोमध कोणीतरी दार वाजवावं तसा एक आवाज येत राहिला. लोक पुढे सरकले. स्टेलाननं डोळे मिटले.

“पुरुष आहे,” तो म्हणाला. “वयस्कर. छातीत दुखून गेलाय. पाणी दिसतंय मला, फार पाणी. त्याला काही सांगायचं राहून गेलंय. तुझ्यावर फार जीव होता त्याचा.”

“कॅसेट माझी आहे,” इल्वा म्हणाली. “गाणं मी केलंय, बाविसाव्या वर्षी. छातीत मला अजून तरी काही दुखत नाही.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. स्टेलान म्हणाला, शंकेखोर मनाजवळ लहरी गढूळ होतात. इल्वानं त्याला बोलू दिलं. मग तिनं बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला आणि सगळ्यांना आपापले फोन त्यात टाकायला सांगितले. ही गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची, तेव्हाचे फोन बटणांचे. स्टेलान म्हणाला, माझा गाडीत राहिलाय. मायवोरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “स्टेलान, तुझ्या खिशात आहे तो.”

त्याचाही फोन घेऊन कोणीतरी डबा दोन खोल्या पलीकडे ठेवून आलं. स्टेलाननं टॉर्केलला हाक मारली. एकदा, दोनदा, मग जरा कळवळून. स्पीकर गप्प. इल्वानं डब्यातला स्वतःचा फोन परत आणवला, तारेजवळ धरला आणि सभागृहाच्या फोनवरून कोणाला तरी तो लावायला सांगितलं. घंटी वाजण्याआधीच स्पीकर बोलला: टिर्र-टिट्-टिट्.

“चूक माझीच आहे,” ती लोकांना म्हणाली. “यंत्रातून बाहेर येणाऱ्या तारेला धातूच्या जाळीचं वेष्टण लागतं. टॉर्केलच्या यंत्रात मी साधी तार वापरली, कारण त्या दिवशी माझ्याकडे दुसरी नव्हती. साध्या तारेला जवळच्या फोनची कुरकुर ऐकू येते. यांनी खिशातल्या खिशात फोन लावला की टॉर्केल हजर.”

“आणि गाणी?” मायवोरबाईंनी विचारलं. “गाणी कोण बदलतं?”

इल्वा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आता गर्दीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. “काकू, या कॅसेटमध्ये गाणी जपायला एक बटणाएवढी बॅटरी असते. ती संपत आली की कॅसेट विसरायला लागते. इथला एक सूर, तिथला एक सूर. जे विसरलं जातं तिथे काहीतरी भलतंच उमटतं. थंडीत बॅटरी आणखी कमजोर होते, म्हणून खिडकीत ठेवल्यापासून जास्त झालं. बॅटरी बदल म्हणून मी त्याच्या मागे लागले होते, आणि तो ‘पुढच्या महिन्यात’ म्हणायचा. हे तो नवीन काही करत नाहीये. त्यानं केलेलं पुसलं जातंय.”

“म्हणजे मी इतके गुरुवार…” मायवोरबाई म्हणाल्या.

स्टेलान कोट घालत होता. जाताना म्हणाला, मी फक्त त्यांना दिलासा दिला. त्यात थोडं खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. दिलासा त्यानं दिला, आणि त्याची किंमत टॉर्केलच्या गाण्यांनी मोजली.

त्या संध्याकाळी मायवोरबाईंच्या स्वयंपाकघरात इल्वानं आधी कॅसेटची प्रत संगणकावर उतरवली, मग बॅटरी बदलली. एकोणीस गाण्यांतली सात धड होती. आठांचे लचके तुटले होते. चार गेली होती. मायवोरबाई प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकत होत्या, जिथे नुसती खरखर होती तेही.

“आता यात काही बदलणार नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, काकू.”

“मग गेला तो,” त्या म्हणाल्या. नऊ महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. इल्वानं त्यांचा हात धरला आणि दोघी रडल्या.

बऱ्याच वेळानं एक तुटकं गाणं परत लावलं तेव्हा मायवोरबाईंनी मान हलवली. “इथे असं नव्हतं. इथे तो वर जायचा.” आणि त्यांनी गुणगुणून दाखवलं. तो शेजारच्या खोलीत रचत असताना दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं त्यांना सगळं पाठ होतं. इल्वानं तो सूर त्याच्या जागी बसवला. मग पुढचा. अशी पाच गाणी त्यांनी त्या हिवाळ्यात उभी केली. बाकीच्या तीन गाण्यांत काय होतं ते आईलाही आठवेना, म्हणून ती तशीच ठेवली.

गेलेला माणूस परत येत नाही. तो येतो असं सांगणाऱ्याच्या खिशात काय आहे, ते आधी बघावं. आणि तुमच्याही घरात कोणाच्या आवाजाची टेप असेल, हस्तलिखित वही असेल, फिकट होत चाललेला फोटो असेल. त्याला उदबत्ती ओवाळू नका. त्याची प्रत काढा, आजच.