हिरवा दिवा, लाखांदूर

रत्नमाला सकाळी साडेआठपर्यंत नीट बोलत होती. हे पक्कं, कारण शेजारच्या रुखमिणीबाईने तिला कुंपणावरून विचारलं होतं, पाणी किती चढलं, आणि ती म्हणाली होती, "पायरीले लागलं नाही अजून." पावणेनऊला ती ओट्याजवळ पडलेली सापडली. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लाकडासारखा. रुखमिणीबाईने तिला हातगाडीवर घालून ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं.

रत्नमाला माझी धाकटी बहीण, लाखांदूरला दिलेली. तिची एकुलती मुलगी रेणू नोकरीसाठी इथे भंडाऱ्यात माझ्याकडे राहते आणि मला मोठीमाय म्हणते. त्या ट्रस्टचे जिल्ह्यात दहा लहान दवाखाने आहेत आणि भंडाऱ्यात एक मोठा. या दहांना मोठ्याशी जोडून ठेवणं, त्यावर नजर ठेवणं, हे रेणूचं काम. माझ्या पुढच्या खोलीत टेबलावर तिचे दोन पडदे असतात. एकावर दहा दवाखान्यांची नावं आणि प्रत्येकासमोर एक दिवा.

तिचं काम मला समजायला वेळ लागला नाही. पवनीच्या कोष्ट्याच्या घरातली मी. मागाच्या दोऱ्यांतून उठले ती थेट टेलिफोनच्या दोऱ्यांत जाऊन बसले. चौतीस वर्षं ट्रंक बोर्डावर काढली. इकडची पिन, तिकडची पिन, मधे दोरी. रेणूच्या कामात दोरी दिसत नाही एवढंच. दवाखान्यातलं यंत्र जे पाठवतं त्याची लहान लहान पाकिटं होतात. भिंतीवर एक लोखंडी पेटी असते, ती प्रत्येक पाकीट आणखी एका पाकिटात घालते, वर भंडाऱ्याचा पत्ता टाकते आणि रवाना करते. भंडाऱ्याच्या टोकाची पेटी वरचं पाकीट फाडते. मधल्या रस्त्याला आत काय आहे ते कळत नाही. याला ती टनेल म्हणते. आणि दर सेकंदाला दोन्ही टोकं एकमेकांना हाक मारतात, आहेस का, आहे. हाकेला ओ आली की दिवा हिरवा.

त्या दिवशी लाखांदूरचा दिवा हिरवा होता.

सव्वादहाला दवाखान्याच्या फोनवरून नीलेशचा फोन आला. हा तिथला तंत्रज्ञ. गावाची लाइट आदल्या दिवसापासून गेलेली, दवाखाना जनरेटरवर, मोबाइलचे टॉवर बंद, चुलबंद नदीच्या पुलावरून पाणी. दवाखान्याचा हा फोनही त्या पेटीतूनच येतो. आवाज मात्र इतका स्वच्छ, जसा शेजारच्या खोलीतून.

"रेणूताई, घाबरू नका. तुमची आई इथं आहे. मेंदूचा स्कॅन झाला, पण फोटू तिकडे जाऊन नाही राहिले."

रेणू उभी राहिली, मग बसली. "किती वाजता झालं हे तिले?"

"साडेआठपर्यंत चांगली होती म्हणतात."

तिने हिशेब केला तो मी तिच्या ओठांवर वाचला. साडेआठ आणि साडेचार तास. एक वाजता. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन तोवरच देतात. पण डोक्यात रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन माणसाला मारतं. लाखांदूरला नवा पोरगेला डॉक्टर होता, इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं, द्यायचं की नाही हे भंडाऱ्याचे डॉक्टर भूपेंद्र पटले ठरवणार होते. त्यांनी फोनवर त्या डॉक्टरला विचारलं, काय दिसते सांगा. तो म्हणाला, डाव्या बाजूला एक पांढुरका ठिपका आहे सर, जुना असेल, किंवा रक्त असेल, मला खात्री नाही.

"खात्री नाही म्हणजे मी पण देऊ शकत नाही," पटले म्हणाले. "मले चित्र पाठवा."

मग रेणूचे हात चालू झाले. दिवा हिरवा म्हणजे टनेल ठीक, दोष स्कॅनच्या यंत्रात, असं तिने धरलं. नीलेशला यंत्राचा संगणक बंद करून चालू करायला लावला. त्यात वीस मिनिटं गेली. चित्रं निघाली आणि पहिल्यावरच अडकली. मग तिने पेटीवर यंत्राची जोडणी पुसली आणि नव्याने लिहिली. पडद्यावर सगळं बरोबर. चित्र नाही. मग तिने पेटीच बंद करून चालू केली. ती उठायला बारा मिनिटं घेते. त्या बारा मिनिटांत फोनही मेला आणि लाखांदूर आमच्यासाठी पृथ्वीवरून पुसलं गेलं. मी देवघराकडे गेले नाही. तिच्या खुर्चीमागे उभी राहिले.

दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा. फोन वाजला.

"ताई, नाही जाऊन राहिलं."

"पुन्हा पाठव."

"पाठवलं ना! तीनदा पाठवलं. तुमच्या पडद्यावर काय दिसते?"

"हिरवं."

"मग आमच्यावर काहून ओरडता?"

"मी ओरडली नाही, नीलेश."

"ओरडा, ओरडा. मी असतो तर मी पण ओरडलो असतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या डोळे उघडून पाहून राहिल्या. बोलता नाही येत."

बारा वाजायला दोन मिनिटं होती. रेणूने दुसऱ्यांदा पेटी बंद केली. मला तेव्हाच वाटलं की ही आता विचार करून नाही, भीतीने करते आहे. आमच्या बोर्डावर नव्या मुली अशा करायच्या. कॉल लागला नाही की तीच पिन काढायची, तीच घालायची. गोपाळराव म्हणून आमचे सुपरवायझर होते, पान खायचे, त्यामुळे तोंड उघडून बोलता यायचं नाही म्हणून नुसतं बोट हलवायचे. त्यांची एक शिकवण होती. दिवा लागला म्हणजे लाइन लागली असं समजू नका. कॉल जोडल्यावर पहिली तीन वाक्यं कान लावून ऐका, दोघांचं बोलणं पुरं पोचलं तरच हात काढा. मोहाडीच्या एका व्यापाऱ्याचा कॉल मी दिव्यावर विसंबून सोडला होता, त्याला पलीकडून फक्त अर्धे शब्द जात होते. गोपाळरावांनी मला महिनाभर रजिस्टर लिहायला बसवलं.

पेटी उठली. बारा वाजून दहा मिनिटं. डॉक्टर पटल्यांचा फोन: "बेटा, पन्नास मिनिटं आहेत. बीपी वाढते आहे त्यांचा."

रेणूने फोन ठेवला आणि दोन्ही तळहातांनी डोळे दाबले.

मी म्हटलं, "रेणू, मले एक सांग. फोन तर चालून राहिला. त्याच पेटीतून येते ना तो? मग आवाज येते आणि फोटू काहून नाही?"

"आवाजाची पाकिटं लहान असतात मोठीमाय. फोटूची मोठी, भरून..."

ती थांबली. हात डोळ्यांवरून खाली आले. तिने दुसऱ्या पडद्यावर काहीतरी उघडलं, खाली खाली सरकवत गेली, आणि मी तिच्या मानेवरचा रंग उतरताना पाहिला.

आदल्या संध्याकाळी पुलाला बांधलेली केबल पुरात तुटली होती. वाहतूक आपोआप दुसऱ्या वाटेवर गेली होती, मोबाइलच्या नव्हे, बॅटरीवर चालणाऱ्या वेगळ्या टॉवरवरून टॉवरवर जाणाऱ्या बिनतारी वाटेवर. त्या वाटेला पाकिटाचा आकार थोडा कमी चालतो. आमची पेटी वरून आणखी एक पाकीट चढवते, त्याने ते पन्नासेक अक्षरं जाड होतं. लहान पाकिटं त्या फटीतून निघून जात होती. बोलणं लहान. दोन टोकांची हाक तर सगळ्यांत लहान. भरलेली पाकिटं वाटेत कुणी तरी मुकाट टाकून देत होतं आणि तसं कळवतही नव्हतं.

"पेटी लावली तेव्हा दोन्ही वाटा तपासल्या होत्या ना तू?" मी विचारलं.

"तपासल्या."

"भरल्या पाकिटानं?"

तिने पडद्यावर तेव्हाची आपली नोंद उघडली. मग म्हणाली, "केबलची पूर्ण तपासली. या वाटेवर फक्त हाक मारून पाहिली. ओ आली. मी बरोबर असं लिहून टाकलं."

"काहून?"

"तुले माहीत आहे काहून."

मला माहीत होतं. होळीनंतरचा आठवडा. रेणू पेटी लावायला लाखांदूरला गेली होती आणि रत्नमालेने पाटवड्यांचा रस्सा करून ठेवला होता. लेक गावात आली आणि दोन वाजले तरी जेवायला घरी आली नाही, म्हणून ती दर दहा मिनिटांनी तिला फोन करत होती. तिच्या फोनला रेणूने दाद दिली नाही, तेव्हा तिने मला लावला. आमच्याकडे घरी आलेल्या लेकीला उपाशी कामाला लावणं म्हणजे आईचा अपमान. मी इथून रेणूला फोन केला. ती म्हणाली, अजून अर्धा तास, दुसऱ्या वाटेची मोठी तपासणी राहिली आहे.

आणि मी म्हटलं होतं, "दिवा हिरवा आहे ना? मग जा. माय तोंडात घास न घालता बसली आहे."

चौतीस वर्षं बोर्डावर बसलेली मी. मी म्हटलं होतं.

आता ते बोलून दाखवायला वेळ नव्हता. रेणूने बिनतारी वाटेच्या कंपनीला फोन लावला, त्यांचा माणूस पुरात अडकलेला. मग तिने उलटं केलं. वाट मोठी होत नसेल तर पाकीटच लहान करायचं. पेटीला तसा हुकूम लिहिला, यंत्रांना सांग, कमी भरा. हुकूम लागू व्हायला पेटी पुन्हा बंद करून चालू करावी लागणार होती. तिसऱ्यांदा. तिचं बोट कळीवर होतं आणि ते उतरत नव्हतं.

"दाब," मी म्हटलं.

बारा चाळीसला पेटी गेली. बारा बावन्नला आली. सहाशे चित्रं होती. पहिलं आलं आणि रेणूच्या तोंडून किंकाळीसारखं काही निघालं. पण बिनतारी वाट अरुंद. चित्रं मुंग्यांसारखी येत होती. चाळीस. एकशे दहा. पटले पलीकडे बसून एकेक उघडत होते, तो ठिपका ज्या चित्रांत होता ती मधली होती. एक वाजला. रेणू मोजत होती, मोठ्याने, जणू तिने मोजणं थांबवलं तर ती यायची थांबतील. एक वाजून दहा मिनिटं. तीनशे सोळा.

एक वाजून एकवीस मिनिटांनी पटल्यांचा फोन आला. 

"रक्त नाही आहे," ते म्हणाले. "जुना कॅल्शियमचा ठिपका आहे. साफ आहे चित्र."

"मग द्या ना सर," रेणू म्हणाली. "वीसच मिनिटं वर झाली आहेत."

"बेटा, बीपी दोनशेच्या वर गेला आहे, आणि वेळ गेली. आता दिलं तर मीच मारीन त्यांना."

"वीस मिनिटं, सर."

"जीव वाचते. बोलणं आणि हात, ते सांगता नाही येत. पूर उतरला की इकडे आणू." आणि मग, बहुधा तिला बरं वाटावं म्हणून, "तुमचा काही दोष नाही, लाइनचा आहे."

रेणूने फोन ठेवला नाही, तो तिच्या हातात तसाच राहिला. मग तिने लाखांदूर लावलं आणि नीलेशला म्हणाली, "फोन आईच्या कानाला लाव."

मी तिचा दंड धरला. "रेणू, आज नको. आज काही सांगू नको तिले."

"आई," ती फोनमध्ये म्हणाली, "मी बोलून राहिली. माहं चुकलं आई. पेटी मी पूर्ण पाहिली नव्हती. डॉक्टर लाइनचं म्हणतात, पण लाइनचं नाही."

पलीकडून आवाज आला. एकच, लांब, घशातून ओढलेला. मग पुन्हा तोच. स्पष्ट, स्वच्छ, एक अक्षरही वाटेत न हरवता आला.

रेणूने फोन माझ्याकडे केला. "काय म्हणून राहिली ती? मोठीमाय, तुले समजते. सांग ना."

जुन्या दिवसांत लाइन खराब असली की आम्ही मधे बसून बोलणं पुढे द्यायचो. तो म्हणतो तब्येत बरी आहे. ती म्हणते काळजी करू नका. कधी कधी, देव माफ करो, न ऐकू आलेलंही आम्ही भरून द्यायचो, माणसाला रात्रीची झोप लागावी म्हणून. माझ्याकडे त्या क्षणी एक वाक्य तयार होतं. ती म्हणते, जेवलीस का. रेणूने विश्वास ठेवला असता.

मी ऐकलं. तीन वेळा पुन्हा तोच आवाज.

"शब्द नाही आहे रेणू," मी म्हटलं. "मले पण नाही समजलं. आणि मीच तुले म्हटलं होतं, जा जेवायले. ते पण तिले सांग."

तिने सांगितलं नाही. माझ्याकडून फोन परत घेऊन ती बराच वेळ आई, आई करत राहिली. मग नीलेश म्हणाला की त्या झोपल्या. तिने पडदा पुढे ओढला. उरलेल्या नऊ दवाखान्यांसमोर नऊ हिरवे दिवे होते. तिने एकेक पेटी दुसऱ्या वाटेवर वळवून तिच्यातून भरलं पाकीट पाठवायला सुरुवात केली. पहिलं पोचलं. दुसरं पोचलं नाही.