हरणीचा आडोसा

"अहो, बूट काढा. आज तिकडे जायचं नाहीये."

"जात नाहीये गं. नुसते घातलेत."

नुसते बूट घालून खिडकीपाशी बसणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

यांची अ‍ॅशबर्नची नोकरी संपल्यावर, २००५ साली, आम्ही दक्षिण व्हर्जिनियात हे घर घेतलं. मागे वीस एकर पाइन. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज संध्याकाळी एक हरणी दिसायची, डावा कान फाटलेली. मुलगी लांब, शेजार मैलभर. पोळ्या लाटताना माझ्या गप्पा त्या हरणीशीच.

मग दाटी कमी करायला पाइनची विरळणी केली. ठेकेदार खोडं घेऊन गेला, फांद्या-शेंडे तिथेच टाकून. यांना घरात कप इकडचा तिकडे झालेला चालत नाही. महिनाभर खपून यांनी सगळं जाळलं, उगवलेल्या काटेरी जाळ्याही मशीन फिरवून भुईसपाट केल्या.

"बघ मालिनी, कसं लख्ख झालं!"

लख्ख झालं आणि हरणी गेली. रागाने मी पडदा ओढला, तो ओढलेलाच राहिला.

शेजारच्या म्हाताऱ्या वॉल्टरने सांगितलं, "त्या पसाऱ्यातच तर ती लपायची." मग यांचं उलटं काम सुरू झालं. बिनकामाची झाडं अर्धी कापून वाकवायची. पडूनही ती जगतात, खाली आडोसा होतो. फांद्यांचे ढीग रचले, तेही एका रांगेत! ब्लॅकबेरी वाढू दिली. आणि हरणी आली का, ते बघायला दिवसातून चार चकरा.

"ट्रिंबक, लीव्ह इट अलोन," वॉल्टर वैतागून यांना म्हणाला.

"माझ्यामुळे गेली गं ती," हे मला म्हणाले. मी विरघळायला हवं होतं, पण नाही विरघळले.

"मग आता गप्प बसा एका जागी."

बसले. अकरा दिवस. पाय हलतोय, बोटं टेबलावर वाजतायत, पडद्याच्या फटीला डोळा.

आज कुकर उतरवून वळले, तर मान छातीवर टाकून झोपलेले. मी फटीतून पाहिलं. वाकवलेल्या झाडाखालून फाटका कान बाहेर आला.

हाक अगदी ओठांवर आली. पण हे उठले असते, तर दार उघडून धावलेच असते. मी हाक गिळली. सावकाश पडदा पूर्ण उघडला, खाली बसले आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.