माहेरच्या खात्यावर

रविवारी सकाळी दिल्लीत आर. के. पुरममधल्या आपल्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये उल्हास घराचं बजेट मांडायला बसला. माणूस अपर डिव्हिजन क्लार्क, तोही एका मंत्रालयाच्या बजेट शाखेत. तेव्हा घरच्या कागदावरही तो रेघा पट्टीनंच मारी. बांगलादेशची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती. तेल-तूप डोळ्यांदेखत महाग होत होतं, आणि नेमका आताच घरातला एक पगार बंद झाला होता.

तो पगार त्याच्या बायकोचा, अलकनंदाचा. कॅनॉट प्लेसमधल्या एका खाजगी कचेरीत ती टायपिस्ट होती. पोट दिसायला लागलं तसं साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि "बहनजी, अब आप आराम कीजिए," असं गोड बोलून घरी बसवलं. आरामाचे पैसे मिळत नसतात, हे साहेबांनाही ठाऊक होतं. आता सातवा महिना संपत आला होता.

"वर्तमानपत्र बंद," उल्हास पुटपुटला. "सिनेमा बंद. दुधाची एक बाटली कमी."

"तिच्या दुधाला हात लावू नकोस," त्याची आई प्रभावतीबाई म्हणाल्या. "हवं तर माझा दुपारचा चहा बंद कर."

बाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं तसं वाटेल.

उल्हासनं शेवटी 'बाळंतपण' असं लिहिलं. त्याखाली डिंक, खारीक, साजूक तूप, मालिशवाली बाई, बारसं. बेरीज केली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे रे कशाला मांडलंस?" प्रभावतीबाई वाकून बघत म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. रीतच आहे ती. तो खर्च आपल्याकडे येतोच कुठं?"

उल्हासचा चेहरा उजळला. बजेट शाखेत खर्च कमी करणारा हुशार नसतो. खर्च दुसऱ्या खात्यावर ढकलणारा हुशार असतो. 'सदर विषय या शाखेशी संबंधित नाही' असा शेरा मारला की फाइल गेली, डोक्याचा ताप गेला. हे काम उल्हास रोज करी आणि त्याबद्दल साहेब त्याची पाठ थोपटत. त्यानं पट्टी घेतली आणि त्या सगळ्या ओळी नीटनेटक्या खोडून टाकल्या. बघतो तर चक्क पैसे उरत होते.

अलकनंदा स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी होती.

"अहो, डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास बिल्कुल नको म्हटलंय. पायांना सूज आहे, प्रेशर वाढलंय. आपलं सरकारी कार्ड आहे, हॉस्पिटलात काही पडत नाही. डिंकाचे लाडू नसले तरी चालतील मला."

"डॉक्टर लोकांचं काय, ते बोलतातच," उल्हास म्हणाला. "बर्थ रिझर्व्ह करू. आरामात झोपून जाशील."

"आणि तुझ्या आईबापांना काय वाटेल, याचा विचार कर," प्रभावतीबाईंनी भर घातली.

झालं. वर्ध्याला पत्र गेलं.

अलकनंदाचे वडील शांतारामपंत शाळामास्तर होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. बायको दम्यानं अंथरुणाला खिळलेली. पत्र मिळताच ते लेकीला न्यायला दिल्लीत हजर झाले. आल्या आल्या त्यांची नजर तिच्या पायांवर गेली. घोटे दिसेनासे झाले होते.

"अण्णा, तुम्ही सांगा ना यांना," अलकनंदा हलक्या आवाजात म्हणाली. "इथंच राहू दे म्हणा. तुमचा शब्द मोडणार नाहीत."

उल्हास पलीकडच्या खोलीत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. सासरे काय म्हणतात, म्हणून तो श्वास रोखून बसला.

शांतारामपंतांनी तिच्या पायांवरची नजर काढून घेतली. मग म्हणाले, "नको गं बाळा. पहिलं बाळंतपण आमचंच. गावात लोक म्हणतील, मास्तरला लेकीचं एक बाळंतपण झेपलं नाही."

उल्हासनं सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही घरांचं एकमत झालं होतं. जिच्या पोटात पोर होतं तिचं मत वेगळं होतं, पण ते मोजण्यात नव्हतं.

नवी दिल्ली स्टेशनवर त्यानं तिला खालच्या बर्थवर बसवलं, सुरई भरून दिली, संत्री घेऊन दिली. "पोचल्याचं पत्र टाक," असं दोनदा बजावलं. अलकनंदानं मान हलवली. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण तिनं ते सांगितलं नाही. सांगून काय होतं, ते तिनं पाहिलं होतं.

झाशीच्या पुढं तिला झटके यायला लागले. गाडीत डॉक्टर नव्हता. पुढच्या स्टेशनात उतरवून, टांगा करून हॉस्पिटलात नेईपर्यंत तीन तास गेले. अलकनंदा वाचली. मुलगी पोटातच गेली.

तार मिळाल्यावर उल्हास तिथं पोचला, तेव्हा शांतारामपंत व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पुडकं काढलं.

"उल्हासराव, हिच्या आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. बाळंतपणासाठी. ते हे पैसे. यांचं आता काय करू?"

फाइलीवर झटक्यात शेरा मारणाऱ्या उल्हासनं ते पुडकं परत त्यांच्या खिशात ठेवलं.

महिनाअखेर बजेट मात्र तंतोतंत जमलं. वर शिल्लकही पडली.

महिन्याभरानं अलकनंदा परत आली. शेजारपाजारच्या बायका येऊन 'देवाची इच्छा' असं म्हणून गेल्या. प्रभावतीबाई रडल्या, अगदी मनापासून रडल्या. "नशीब गं बाई तुझं!" म्हणाल्या.

"आई, नशीब म्हणू नका," अलकनंदा शांतपणे म्हणाली. "प्रवास नको, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. यात नशीब कुठं आलं?"

वाचकहो, असल्या प्रश्नांवर आपल्या घरांत कुणी बोलतच नाही.

आणखी दोन महिने गेले. उल्हासची धाकटी बहीण कांता दिल्लीतच लक्ष्मीबाई नगरात दिलेली होती. तिच्या सासरहून निरोप आला: सहावा महिना लागलाय, पहिलं बाळंतपण तुमचं, न्यायला कधी येताय?

"आणायलाच हवी," प्रभावतीबाई लगबगीनं उठल्या. "आतली खोली रिकामी करू."

"येऊ दे ना," अलकनंदा म्हणाली. "तिचं सगळं मी करीन, मनापासून करीन. पण आधी तिला विचारा, तिला कुठं हवंय."

"त्यात तिला काय विचारायचं? रीत आहे ती."

अलकनंदानं नवऱ्याकडं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसती बघत राहिली. उल्हासला ते सोसवेना. तो उठला, पायांत चपला सरकवल्या आणि बस पकडून लक्ष्मीबाई नगरला गेला.

कांतानं दार उघडलं. उल्हासनं उंबऱ्यातूनच विचारलं, "कांते, बाळंतपण तुला कुठं करायचंय?"

"म्हणजे?" तिला प्रश्नच कळला नाही. "सासूबाईंना विचार ना, दादा."

"त्यांना नाही. तुला विचारतोय."

कांता गोंधळली. आत कुणी ऐकत नाही ना, ते तिनं वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "इथंच, दादा. हॉस्पिटल जवळ आहे. भीती वाटत नाही."

एवढंच उत्तर होतं. चार महिन्यांपूर्वी हाच प्रश्न उल्हासनं आपल्या घरात विचारला असता, तर त्याला बसचं तिकीटही पडलं नसतं.