ओट्याची उंची

मास्तरीणबाईंनी ड्रॉवर ओढला आणि सोडून दिला. तो अर्ध्यावर जरा थबकला, मग आपणहून सरकत गेला आणि कसलाही आवाज न करता मिटला. त्यांनी पुन्हा ओढला.

“अगं पुरे, मोडेल तो,” मास्तर म्हणाले.

“नाही मोडत काका,” दुकानातली मुलगी हसली. “इथे येणारे सगळे हेच करतात.”

“ऐका. सगळे हेच करतात. नाहीतर आपला घरचा ड्रॉवर! ओढायला एक माणूस आणि लावायला दोन.”

मुलगी पुन्हा हसली. मास्तरही हसले, पण त्यांचं लक्ष मुलीपुढच्या पडद्याकडे होतं. दुकानभर भिंतीला टेकून अर्धीअर्धी स्वयंपाकघरं उभी होती. नळ होते पण पाणी नव्हतं, शेगड्या होत्या पण त्यांना नळी नव्हती, आणि एका बशीत प्लॅस्टिकची लिंबं मांडली होती. या सगळ्यातून आपल्या ऐपतीचं एक निवडायचं होतं. कपडे शिवायचं दुकान बंद केल्यावर मशिनं विकून जे हातात आलं होतं, तेवढीच ऐपत. सुईत दोरा जाईना तेव्हा मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच दिवशी घरी जाहीर केलं होतं, की आता तुझं स्वयंपाकघर.

मुलगी म्हणाली, “तुमचा दगडी ओटा आहे तसाच ठेवू. खाली कपाटं, हे असे ड्रॉवर, भांड्यांची सरकती जाळी, वर दोन कपाटं. सगळं तुमच्या बजेटमध्ये बसतं काका. वर थोडे उरतील.”

मास्तरीणबाईंनी वरची कपाटं पाहायला मान तिरकी केली. “एवढ्या उंच कोण हात घालणार? पण बरी दिसतात.”

“ओटा ठेवायचा नाही. तो फोडायचा आणि उंच करायचा,” मास्तर म्हणाले.

मुलीने बोटं चालवली. पडद्यावरचा आकडा लाल झाला.

“मग काहीतरी कमी करावं लागेल.”

“करू ना. वरची कपाटं काढा. ती जाळी काढा.”

आकडा अजून लालच होता.

“ड्रॉवर साधे चालतील,” मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंचा हात ड्रॉवरच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. “अहो, पण फोडायचा कशाला? दगड चांगला आहे. एक टवका नाही उडालेला.”

“तुलाच उंच हवा होता.”

“मला? कधी?”

“तूच म्हणाली होतीस. आल्या आल्या.”

त्यांनी आठवून पाहिलं. “म्हटलं असेन बाई. वरातीमागून घोडं आणायची तुमची सवय काही जायची नाही.”

पण मास्तरांना टोमणा लागला नाही. आकडा काळा झाला होता. घरी येताना ते दोन पावलं पुढे चालत होते, हात पाठीमागे बांधून, एखाद्याचं जुनं देणं फेडून आल्यासारखे.

तिने आल्या आल्या म्हटलेले ते शब्द मास्तरांना मात्र चांगले आठवत होते. लग्न होऊन आली तेव्हा ही बाई उंच, शेलाटी होती. दोघं शेजारी उभी राहिली की कोणाचं डोकं वर यावर मित्र पैजा लावायचे. “बायको आणलीस की शिडी?” असं एकाने तिच्यासमोरच विचारलं होतं, आणि तिने पट्कन सांगितलं होतं, “शिडीच. चढायची यांची हिंमत पाहिजे.” मास्तर कितीतरी दिवस ते आठवून हसायचे.

घरातला ओटा मास्तरांच्या आईने स्वतःच्या बेताने बांधून घेतलेला. आई मुठीएवढी होती. गल्लीत तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीचा ओटा सुनेच्या मांडीशी लागायचा. पहिल्याच आठवड्यात रात्रीची भांडी आवरून ती मास्तरांपाशी आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दोन विटा वर घेतला असता तर बरं झालं असतं.” मास्तर कोणाच्या तरी कोटाला टाचण्या लावत होते. तोंडात टाचण्या तशाच धरून ते म्हणाले, “होईल सवय.”

यात खोटं काहीच नव्हतं. माणसाला सवय होतेच.

त्याच वर्षी त्यांनी आपलं कापड बेतायचं टेबल उंच करून घेतलं. दिवसभर वाकून कंबर भरून यायची आणि शिंप्याची पाठ गेली की धंदा गेला. सुताराने चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. जाताना विचारलं, “घरचं काही आहे का? आलोच आहे तर उरकून टाकतो.” मास्तर म्हणाले, “घरचं पुढच्या वेळी बघू.”

पुढच्या वेळी आई होती, तिला उंच ओटा सोयीचा पडला नसता. मग आई गेली. मग मुलांच्या शाळा आल्या, मग छत गळायला लागलं. मग कारणं संपली, तरी ओटा होता तिथेच होता. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. ज्याचा विषय निघत नाही ते दुखत नसणार, असं धरून चालणं सोपं असतं, आणि मास्तर तसे चालत आले होते.

दुकानाने पाठवलेला सुतार सकाळी आला तेव्हा मास्तर दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार बसले होते. सुतार गडी बडबड्या होता. कानावर पेन्सिल, कमरेला टेप. आल्या आल्या त्याने ओट्यावर थाप मारली, जशी कोणी बैलाच्या पाठीवर मारतं.

“काय दगड आहे मास्तर! असा आता मिळत नाही. आणि हा फोडायचा?”

“फोडायचा.”

“फोडू. आपलं काय, पोटच फोडण्यावर आहे. मावशी, इकडे या. स्वयंपाक तुम्हीच करता ना?”

“तुला काय वाटलं, हे करतात?”

“तसं नाही, माप ज्याचं त्याचंच घ्यावं लागतं. ओट्याशी या. अशा उभ्या राहा, कणीक मळताना राहता तशा. हात कोपरात वाकवा. आता कोपरापासून चार बोटं खाली आली ती तुमच्या ओट्याची उंची. कुठल्या पुस्तकात बघायला नको.”

मास्तरीणबाईंनी पदर खोचला आणि कोपर वाकवलं. सुताराने टेपचं टोक जमिनीला लावलं, मग थांबला.

“सरळ उभ्या राहा मावशी.”

“सरळच उभी आहे रे.”

सुताराने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग टेप वर ओढला, कोपराखाली चार बोटं धरली आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. खुणेवर पट्टी आडवी धरून त्याने रेघ ओढत आणली. रेघ सरकत सरकत आली आणि ओट्याच्या काठाला येऊन टेकली. वर नाही, खाली नाही.

तो मोठ्याने हसला.

“घ्या! मास्तर, ओटा तुम्हीच शिवला होता का? केसाचाही फरक नाही. मावशींच्या अंगाला बेतून केल्यासारखा आहे.”

मास्तर उठले. “पुन्हा मोज.”

सुताराने पुन्हा मोजलं. रेघेवर रेघ आली.

“थोडा तरी उंच घेऊ. दोन विटा,” मास्तर म्हणाले.

“कशाला? आता उंच केलात तर लाटताना मावशींचे खांदे भरून येतील. त्यांना हाच बरा. उलट पैसे वाचले म्हणा.”

मास्तर आतल्या खोलीत गेले. खिळ्याला त्यांचा जुना टेप लोंबत होता, मेणकापडाचा, आकडे पुसट झालेला. दुकानातून घरी आणलेली ती एकच वस्तू. तो घेऊन ते बाहेर आले आणि बायकोच्या मागे उभे राहिले.

“आता काय, झबलं शिवताय माझं?” ती म्हणाली, पण हलली नाही. इतकी वर्षं माप द्यायची तिला सवय होती.

त्यांनी टेप मानेच्या हाडाला लावला आणि पाठीवरून कमरेपर्यंत सोडला. मग पुढून, खांद्यापासून कमरेपर्यंत. आकडा वाचायला त्यांना चष्मा लागला असता, पण त्यांनी तो लावला नाही. हाताला माहीत होतं. मागची उंची जास्त, पुढची कमी. तिचे सगळे कपडे त्यांनीच शिवले होते. नवीन काही बेतायला घेतलं की मागे थोडं वाढवायचं, पुढे थोडं काढायचं, खांद्याची शिवण जरा पुढे आणायची. कोणी सांगावं लागलं नव्हतं. कापड पाठीवर ओढलं जाऊ नये, पुढे झोळ पडू नये, म्हणून चांगला शिंपी हे करतोच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मास्तरांच्या हातात जादू आहे, मास्तरीण कशी ताठ दिसते. आणि मास्तर त्या कौतुकाने फुलून यायचे.

दर वेळी त्यांनी कापड नीट बसवलं होतं.

“झालं का?” तिने विचारलं. “दूध ठेवलंय मी.”

“झालं,” मास्तर म्हणाले. टेप त्यांनी बोटांभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

सुताराने पेन्सिल कानावर ठेवली. “मग फोडायचा नाही ना? दुकानात तसं कळवतो.”

मास्तरीणबाईंनीच सांगितलं, “नाही फोडायचा. आणि त्या पोरीला सांग, ते ड्रॉवर टाक म्हणावं. आपणहून मिटणारे.” मग नवऱ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. “बसतील ना आता पैशात?”

“बसतील.”

“आणि ती जाळी?”

“तीसुद्धा. सगळं टाक रे. ती म्हणेल ते सगळं.”

“बघा!” ती सुताराला म्हणाली. “जन्मभर वीतभर कापड वाचवणारा माणूस. आज कोणाचं तोंड पाहिलं होतं कुणास ठाऊक.” तिचा चेहरा उजळला होता. तिला खरोखरच आनंद झाला होता, आणि मास्तरांना तेच पाहवत नव्हतं. ते दूध बघायला म्हणून वळले.

कपाटं बसली. रंग तिने निवडला होता, ओल्या राखेसारखा, मळखाऊ. शेजारणी येऊन ड्रॉवर ओढून गेल्या. एवढ्या पैशात एवढं सगळं कसं झालं, असं जो तो विचारी. मास्तरीणबाई अभिमानाने सांगत, “ओटा मुळातच माझ्या मापाचा निघाला ना.” मास्तर तेव्हा बाहेर जाऊन उगाच चपला सरळ लावत.

भांडी घासायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. “दिवसभर रिकामा बसून काय करू?” म्हणाले. ती हसली. चार दिवसांचं कौतुक, म्हणाली. पण चार दिवस गेले तरी जेवणं झाली की मास्तर बाह्या दुमडून ओट्याशी उभे राहत. घासणी ताटाच्या काठावरून ते सुई चालवावी तशी एका दिशेने फिरवत. वेळ लागे, पण ताट लख्ख निघे.

त्या दिवशी भांडी जास्त होती. लेक येऊन जेवून गेली होती. अर्धी भांडी झाल्यावर मास्तरांनी हात ओट्याच्या काठावर टेकले आणि श्वास घेतला. दगड त्यांच्या मांडीशी लागत होता. पातेल्याच्या तळाशी हात पोचायला खाली, आणखी खाली जावं लागत होतं. कमरेतून एक कळ वर चढली आणि पाठीत बसली.

“अगं,” ते न वळता म्हणाले, “कंबर भरून येते गं इथे.”

ती मागे खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. दाणे वाटीत पडत होते. तिने मान वर केली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नवख्या माणसाला कामातली एखादी साधी गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली,

“होते सवय.”

मास्तरांनी पुढचं ताट घेतलं.